सेल्फचा नुसता ‘टक्’: बॅटरी नवी, सेल्फ ठीक, तरी इंजिन फिरत नाही

मालवाहू पिकअप. चार सिलिंडरचं 2.5 लिटर डिझेल इंजिन, यांत्रिक इंजेक्शन पंप, 12 व्होल्टची 80 अँपिअर-अवर बॅटरी. चावी फिरवली की ‘टक्’ असा एक आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. कधी त्या एका ‘टक्’च्या जागी ‘कट-कट-कट-कट’ असा घाईघाईचा आवाज. चावी चार-पाच वेळा मागेपुढे केली की एखाद्या वेळी इंजिन झटक्यात चालू होतं. आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, दीड महिन्यात रोजचं झालं. धक्का मारला की मात्र पहिल्याच फटक्यात चालू.

तपासणीला येण्याआधी गाडीवर बरंच काम होऊन गेलं होतं. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप देऊन गाडी चालू झाली म्हणून बॅटरी बदलली. आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. मग चावी फिरवताना हेडलाइट लावून पाहिले. ते जराही मंद होईनात, म्हणून सेल्फवर, म्हणजे इंजिनला पहिली फिरकी देणाऱ्या मोटरवर, संशय गेला. सेल्फ खाली उतरवून टेबलावर जोडला तर तो जोरात फिरला, म्हणून तसाच परत बसवला. शेवटी रिले (चावीच्या हलक्या करंटने सेल्फकडची वाट जोडणारा स्विच) बदलला. यातलं एकही काम उगाच केलेलं नव्हतं, प्रत्येकामागे काहीतरी दिसलेलं होतं. जे दिसलं ते खरंही होतं. त्याचा अर्थ मात्र दर वेळी चुकला.

याशिवाय चालकाने आणखी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, पण त्या सेल्फच्या तक्रारीशी कुणी जोडल्या नाहीत. रात्री हेडलाइट लावले की इंजिनच्या तापमानाचा काटा थोडा वर सरकतो. सकाळी चालू झाल्यावर पहिलं मिनिटभर पांढरा धूर जास्त येतो. आणि अॅक्सिलरेटरचं पेडल हल्ली जड लागतं. या तिन्हींचं मूळ एकच निघालं, पण ते पुढे येईलच.

आवाज नेमका कशाचा

‘टक्’ दोन ठिकाणांहून येऊ शकतो. फ्यूज बॉक्समधला रिले बारीक, कोरडा ‘टिक्’ करतो. त्यावर बोट ठेवलं तर तो बोटाला जाणवतो. सेल्फवरचा सोलेनॉइड (विजेने आतला दांडा ओढणारा भाग) जड ‘ठक्’ करतो आणि तो बॉनेटखालून, इंजिनच्या खालच्या अंगाने येतो. एकाने चावी फिरवायची आणि दुसऱ्याने कान द्यायचा, एवढ्याने निम्मं काम होतं. नुसता रिले वाजत असेल तर करंट सोलेनॉइडपर्यंत पोचतच नाही किंवा अपुरा पोचतो. या गाडीत रिलेचा ‘टिक्’ स्वच्छ यायचा आणि त्यामागून सोलेनॉइडचा एक अर्धवट, दबका आवाज. पूर्ण ‘ठक्’ नव्हता. हा फरक पुढे फार उपयोगी पडला.

सोलेनॉइडमध्ये एकाच नळीवर दोन कॉइल गुंडाळलेल्या असतात. एक ओढणारी, दुसरी धरून ठेवणारी. चावी फिरवली की टर्मिनल 50 मधून, म्हणजे चावीकडची वायर जिथे लागते तिथून, दोघींना करंट मिळतो. धरून ठेवणारी कॉइल सरळ सेल्फच्या बॉडीला अर्थ असते (अर्थ म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट), तर ओढणारीचं दुसरं टोक मोटरच्या टर्मिनलला जोडलेलं असतं आणि तिचा अर्थ मोटरच्या कार्बनमधून (फिरत्या भागाला टेकून करंट देणाऱ्या ठोकळ्यांतून) मिळतो. दोघी मिळून आतला दांडा खेचतात. दांडा एका बाजूने पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने तांब्याची चकती दोन जाड संपर्कांवर दाबतो. चकती बसली की टर्मिनल 30 वरून, म्हणजे बॅटरीची जाड केबल लागते तिथून, बॅटरीचा सगळा करंट मोटरमध्ये जातो. त्या क्षणी ओढणाऱ्या कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज आल्यामुळे ती आपोआप गप्प होते. दांडा धरून ठेवण्याचं काम एकट्या दुसऱ्या कॉइलवर राहतं.

‘कट-कट-कट’ इथेच जन्मतो. चकती बसली, मोटरने दीड-दोनशे अँपिअर मागितले, वाटेत कुठेतरी अडथळा असल्यामुळे व्होल्टेज कोसळलं, धरणारी कॉइल अशक्त झाली आणि स्प्रिंगने दांडा मागे ढकलला. मोटर सुटली, व्होल्टेज परत वर आलं, दांडा पुन्हा ओढला गेला. हे सेकंदाला अनेकदा घडतं. उतरलेली बॅटरी हे याचं सर्वांत नेहमीचं कारण, यात शंका नाही. पण हा आवाज बॅटरीचा नव्हे, व्होल्टेज पडण्याचा असतो. व्होल्टेज बॅटरीपासून सेल्फपर्यंत कुठेही पडू शकतं, आणि परतीच्या वाटेवरही.

अडथळा याहून मोठा असला तर दांडा ओढण्यापुरतंही बळ राहत नाही. तो अर्धा सरकतो, चकती संपर्काला टेकतच नाही, आणि एक दबका ‘टक्’ होऊन सगळं थांबतं. म्हणजे एकच दोष कमीजास्त होत असेल तर एकच गाडी दोन्ही आवाज काढू शकते. या गाडीत तेच चाललं होतं.

मीटर लावण्याआधी

हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला ठेवून, गाडी सरकू नये म्हणून चाकांना उटी लावल्या. पंपावरच्या, डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या फ्यूएल सोलेनॉइडची वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळला, म्हणजे तपासताना इंजिन अचानक चालू होणार नाही. अंगठी, धातूचं कडं, घड्याळ हातात नको. बॅटरीच्या प्लसपासून गाडीच्या लोखंडापर्यंत कडं टेकलं तर क्षणात लालभडक होतं.

त्यानंतर क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट आणि लांब हँडल लावून इंजिन फिरण्याच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवलं. डिझेलचं कॉम्प्रेशन हाताला जड लागतं, पण दाबून धरलं की हळूहळू उतरतं. एखाद्या ठिकाणी हँडल भिंतीला टेकल्यासारखं थांबलं तर तिथे जोर करायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचलेलं असू शकतं, आणि तसल्या इंजिनावर सेल्फ मारत राहिलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इथे इंजिन मोकळं फिरलं.

बॅटरी रात्रभर चार्ज करून, नंतर काही तास तशीच ठेवून मोजली. 12.6 व्होल्ट. चांगल्या लेड-अॅसिड बॅटरीचं पूर्ण चार्ज असतानाचं स्थिर व्होल्टेज 12.6 ते 12.7, अर्धी उतरलेली असेल तर साधारण 12.2, आणि 12.0 च्या खाली गेली तर तिच्याकडून काही निष्कर्ष काढू नये, आधी चार्ज करावी. 10.5 च्या आसपास दिसलं तर सहापैकी एक सेल गेलेला असतो, कारण एका सेलचे जवळपास 2.1 व्होल्ट असतात. फक्त हे आकडे बॅटरी किती भरली आहे एवढंच सांगतात, ती किती करंट देऊ शकते ते सांगत नाहीत. म्हणून लोड टेस्टरने, म्हणजे मोठा करंट ओढून, वेगळी तपासली. बॅटरी पास झाली.

चावी फिरवून घेतलेली मोजमापं

एक माणूस चावीवर, एक मीटरवर. मीटर 20 व्होल्ट डीसीवर. चावी एका वेळी तीन-चार सेकंदच धरायची आणि मध्ये अर्धा मिनिट सोडायची. दांडा अर्धवट अडकून राहिला की ओढणारी कॉइल सतत करंट खात राहते. ती क्षणभराच्या कामासाठी बनवलेली असते. जास्त वेळ धरली तर जळते आणि मूळ दोषाशेजारी नवा दोष तयार होतो.

बॅटरीच्या दोन खांबांवर, चावी फिरवलेली असताना: 12.3 व्होल्ट. म्हणजे बॅटरी जेमतेम हलली. सेल्फ खरोखर फिरत असता तर इथे 10 ते 11 च्या दरम्यान आकडा हवा होता. बॅटरीकडून कुणी मोठा करंट मागतच नव्हतं.

मग टर्मिनल 50 आणि सेल्फची बॉडी यांमध्ये: 6.9 व्होल्ट. हा आकडा पाहून कुणीही म्हणेल की इग्निशन स्विच किंवा रिलेमध्ये व्होल्टेज हरवतंय. बहुधा रिले याच कारणाने बदलला गेला असावा. पण मीटरचा काळा प्रोब सेल्फच्या बॉडीवरून उचलून बॅटरीच्या मायनस खांबावर ठेवला, लाल तसाच टर्मिनल 50 वर, आणि आकडा झाला 11.7. स्विच, रिले, फ्यूज आणि वायर या सगळ्यांत मिळून 0.6 व्होल्टच जात होते. येणारी वाट ठीक होती.

11.7 मधून 6.9 गेले की 4.8 उरतात. हे 4.8 व्होल्ट सेल्फची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात असले पाहिजेत. लाल प्रोब सेल्फच्या बॉडीवर, काळा मायनस खांबावर ठेवला. चावी फिरवली. 4.80.

जी दोन ठिकाणं जाड तांब्याने आणि लोखंडाने जोडलेली आहेत असं आपण धरून चालतो, त्यांच्यात जवळजवळ पाच व्होल्टचा फरक होता. सेल्फ फिरत असतानासुद्धा हा फरक 0.2, फार तर 0.3 च्या वर जाता कामा नये.

आता ही वाट तुकड्यातुकड्याने मोजली. दोन्ही प्रोब एकेका तुकड्याच्या दोन टोकांना लावत पुढे पुढे नेले. खांब ते त्यावरचा क्लॅम्प, 0.01. क्लॅम्प ते चासीवरचा बोल्ट, 0.05. चासी ते इंजिन ब्लॉक, 4.70. ब्लॉक ते सेल्फची बॉडी, 0.04. बेरीज जुळली आणि बोट एकाच ठिकाणी गेलं: चासीपासून इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी.

प्रोब टेकवताना एक पथ्य पाळायचं. खांब म्हणजे शिशाचा खांबच, त्यावरचा क्लॅम्प नव्हे. बोल्ट म्हणजे बोल्टचं डोकं नव्हे, शेजारचं घासून उघडं केलेलं लोखंड. बऱ्याचदा दोष खांब आणि क्लॅम्प यांच्यातल्या पांढऱ्या थरात असतो, आणि दोन्ही प्रोब क्लॅम्पवर ठेवले तर तो मोजमापात येतच नाही.

प्लसची मुख्य केबलही याच वेळी मोजली होती: बॅटरीचा प्लस खांब ते सेल्फचं टर्मिनल 30, आकडा 0.00. बघायला उत्तम. पण या शून्याला काहीच किंमत नव्हती. चकती टेकत नव्हती, म्हणजे त्या केबलमधून करंट जातच नव्हता. करंट नसेल तर तुटायला आलेल्या केबलवरही शून्यच दिसतं. हा आकडा खोडून ‘नंतर पुन्हा मोजायचं’ असं लिहून ठेवलं, आणि ते बरं झालं.

पट्टीत काय झालं होतं

वेणीसारखी विणलेली तांब्याची चपटी पट्टी, दोन्ही टोकांना थिंबल, म्हणजे बोल्टखाली जाणारी दाबून बसवलेली धातूची कडी. एक टोक डाव्या इंजिन माउंटिंगजवळ चासीला, दुसरं ब्लॉकला. वर तेल आणि मातीचा थर. नुसत्या नजरेला पट्टी जागच्या जागी, बोल्ट घट्ट. माती खरवडून ती बोटांनी वाकवली तेव्हा चासीकडच्या थिंबलच्या कडेला हिरवी-पांढरी भुकटी सुटली आणि त्या रेषेवर बहुतेक तारा तुटलेल्या दिसल्या. उरल्या होत्या त्या काळ्या पडून ठिसूळ झालेल्या.

पट्टी बरोबर तिथेच तुटते, आणि त्याला कारण आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. चालू होताना, बंद होताना आणि भार घेताना ते दर वेळी एका बाजूला कलतं. ते हलणं पट्टी सोसते, पण थिंबलच्या आत तारा दाबून घट्ट केलेल्या असल्यामुळे सगळा वाक त्या कडेवरच येतो. विणलेल्या तारांमध्ये पाणी वातीत तेल चढावं तसं चढतं आणि थिंबलच्या आत साचून राहतं. तांबं, लोखंड आणि पाणी एकत्र आले की गंज भराभर वाढतो. या गाडीची पट्टी बसवतानाच ताणून बसवलेली होती, तिला झोल नव्हता, त्यामुळे हे आणखी लवकर झालं.

टर्मिनल 50 च्या वायरवर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तेव्हा चावी धरलेली असताना साधारण 30 अँपिअर दिसले. 4.70 भागिले 30, म्हणजे पट्टीचा अडथळा सुमारे 0.16 ओहम. हीच पट्टी आधी मल्टिमीटरच्या बजरवर तपासली गेली होती आणि बजर वाजला होता. वाजणारच. एक तार शिल्लक असली तरी बजर वाजतो, आणि 0.16 ओहम एवढा अडथळा तर साध्या मीटरच्या प्रोबच्या वायरींतही असतो. पण 0.16 ओहममधून 250 अँपिअर न्यायचे तर 40 व्होल्ट लागतील. गाडीत आहेत 12. म्हणून सेल्फच्या वाटेवर ओहममध्ये किंवा बजरने तपासलेल्या कशावरही विश्वास ठेवू नये. करंट वाहत असताना व्होल्टमध्ये मोजलेलंच ग्राह्य.

मग जंप दिल्यावर चालू का व्हायची

या प्रकरणाचं मर्म इथे आहे.

जंप देण्याची योग्य पद्धत अशी: लाल केबल प्लसला प्लस, आणि काळ्या केबलचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीच्या मायनसला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, शेवटची ठिणगी बॅटरीपासून लांब पडावी एवढाच त्यामागचा हेतू. जंप देणाऱ्यांनी हे नीट पाळलं होतं. त्यामुळे दुसऱ्या गाडीचा मायनस थेट इंजिन ब्लॉकला जोडला गेला आणि खराब पट्टी वाटेतून बाजूलाच झाली. सेल्फ फिरला. सगळ्यांनी मानलं की बॅटरी नवी हवी. खरं तर गाडीला मिळाली होती नवी अर्थिंग.

चालकाला खोदून विचारल्यावर एक आठवण निघाली. एकदा काळी क्लिप घाईत बॅटरीच्या मायनसलाच लावली होती आणि त्या दिवशी जंप देऊनही नुसता ‘टक्’ झाला होता. दोष जंप केबलला दिला गेला. ती केबल चांगली होती. मीटर न लावता निदान करायचं असतं तर त्याच दिवशी झालं असतं.

हेडलाइटचंही तसंच. हेडलाइट, हॉर्न, वायपर यांचे अर्थ बॉडीला आणि चासीला असतात, इंजिनला नसतात. चासीपर्यंतची वाट चांगली होती, म्हणून दिवे झगझगीत. ‘दिवे चांगले, म्हणजे बॅटरी आणि अर्थिंग ठीक, म्हणजे सेल्फ खराब’ हा हिशेब कानाला पटतो, पण दिवे त्या शेवटच्या हातभर वाटेबद्दल काहीच सांगत नाहीत. आणि सेल्फ टेबलावर जाड केबलने जोडला की गाडीची अर्थिंग तिथे नसतेच. तो फिरणारच.

नवी बॅटरीही आठ दिवसांत का थकली? बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इंजिनवर बसलेला असतो, म्हणून चार्जिंगच्या करंटलाही याच पट्टीतून जावं लागतं. इंजिन धक्का मारून चालू केल्यावर अल्टरनेटरच्या बी-प्लस (करंट बाहेर देणारं टर्मिनल) आणि त्याच्या बॉडीत 14.3 व्होल्ट होते, बॅटरीच्या खांबांवर मात्र 12.9. हेडलाइट लावल्यावर खांबांवर 12.3. रात्री गाडी चालताना बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत होती, आणि अल्टरनेटर ठणठणीत.

चालकाच्या त्या तीन तक्रारींचा उलगडाही इथेच होतो. तापमानाच्या सेन्सरला एकच वायर असते, त्याचा अर्थ ब्लॉकमधून. दिवे लावले की पट्टीतून जाणारा करंट वाढतो, ब्लॉक आणि चासी यांच्यातला फरक वाढतो आणि काटा वर ढकलला जातो. पाणी तेवढंच गरम असतं. थंड इंजिनाचे सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगचा अर्थही ब्लॉकच, म्हणून ते अर्धवट तापत होते आणि सकाळी पांढरा धूर निघत होता. तिसरी गोष्ट डोळ्यांनी पाहावी अशी होती. जाड वाट बंद झाली की करंट मिळेल त्या पातळ वाटेने घरी जायला बघतो. बॉडीपासून पंपापर्यंत जाणारी अॅक्सिलरेटरची केबल ही लोखंडी आवरणाची, म्हणजे एक वाटच. चावी चार-पाच वेळा फिरवल्यावर तिला हात लावला तर ती कोमट नव्हे, चांगली गरम लागली. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलं होतं. पेडल जड झालं ते त्यामुळे. सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटर, क्लच किंवा गिअरची केबल गरम होत असेल तर दुसरं काहीही तपासण्याआधी इंजिनची अर्थिंग बघावी.

मीटर जवळ नसेल तर एक साधी चाचणी आहे. एकच जंप केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडाला घट्ट लावा आणि सेल्फ मारा. इंजिन नेहमीसारखं फिरलं तर दोष अर्थिंगमध्ये. या गाडीत मोजमाप झाल्यावर खात्रीसाठी हेही केलं. सेल्फ पहिल्याच वेळी फिरला. प्लसच्या बाजूला मात्र अशी उपरी केबल लावून पाहू नये. तिचं मोकळं टोक कुठेही लोखंडाला टेकलं तर थेट शॉर्ट होतो.

दुरुस्ती

बॅटरीची मायनस केबल आधी काढली, मगच हात घातला. जुनी पट्टी काढली. नवी केबल निवडताना एकच नियम धरला: अर्थची केबल प्लसच्या केबलपेक्षा पातळ नको. 35 चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लवचीक तांब्याची केबल, 40 सेंटिमीटर. सरळ अंतर 28 सेंटिमीटर होतं, उरलेला झोल इंजिनच्या हलण्यासाठी ठेवला. एवढ्या केबलचा अडथळा 0.0002 ओहम येतो, 220 अँपिअरला अर्धा दशांश व्होल्टही पडत नाही. कथील चढवलेली तांब्याची थिंबलं षटकोनी दाबयंत्राने दाबली आणि वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवली, म्हणजे पाणी आत चढत नाही. हातोडीने ठोकून दाबलेलं थिंबल काही महिन्यांत पुन्हा इथेच आणून सोडतं.

दोन्ही जागा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासल्या, थिंबलच्या आकाराहून थोड्या मोठ्या. थिंबल लोखंडाला थेट टेकलं पाहिजे. दातेरी वायसर त्याच्या वर, बोल्टखाली. आधी घट्ट करायचं आणि नंतरच वरून ग्रीस किंवा रंग लावायचा.

अॅक्सिलरेटरची केबल बदलली. आतून वितळलेली केबल तेल घालून चालवत राहणं धोक्याचं, कारण ती ओढलेल्या स्थितीत अडकू शकते.

अर्थिंग बदलल्यावर दिसलेला दुसरा दोष

फ्यूएल सोलेनॉइडची वायर काढलेलीच होती, त्यामुळे आता इंजिन चालू न होता नुसतं फिरत होतं आणि खरा करंट वाहत होता. क्लॅम्प मीटरवर सुमारे 225 अँपिअर. बॅटरीच्या खांबांवर 11.0 व्होल्ट. मायनस खांब ते सेल्फची बॉडी 0.16. इथवर छान. आता खोडून ठेवलेलं मोजमाप पुन्हा घेतलं: प्लस खांब ते टर्मिनल 30. आधी 0.00 दाखवणारी तीच केबल आता 0.62 दाखवत होती. मर्यादा 0.5.

टर्मिनल 30 चा नट पान्याला अर्धी फेरी फिरला. सेल्फ टेबलावर तपासून परत बसवताना तो सैल राहिला होता. मूळ दोष शोधताना घातलेला हा नवा दोष, आणि अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत तो झाकलेलाच राहिला असता. बॅटरी पुन्हा सोडवून नट काढला, थिंबल घासलं आणि परत घट्ट केलं. हे करताना आतल्या नटला दुसरा पाना लावून धरायलाच हवा. नाहीतर सगळा स्टड फिरतो, सोलेनॉइडच्या आतला तांब्याचा संपर्क तिरका होतो किंवा बाहेरचं आवरण तडकतं. पुन्हा मोजलं, 0.24.

आकडे वेगळे आले असते तर

टर्मिनल 50 वर बॅटरीच्या मायनसच्या तुलनेत 9-10 व्होल्टच आले असते तर शोध इग्निशन स्विच, रिलेची बैठक आणि क्लच स्विचकडे वळवावा लागला असता. टर्मिनल 30 आणि 50 दोन्हींवर पूर्ण व्होल्टेज, अर्थिंगवर शून्याजवळ, सोलेनॉइडचा भरीव ‘ठक्’ आणि तरी मोटर गप्प, असं असतं तर दोष सेल्फच्या पोटात: जळालेले तांब्याचे संपर्क किंवा झिजलेले कार्बन. यातला फरक ओळखायला चावी धरून टर्मिनल 30 आणि मोटरच्या टर्मिनलमध्ये मोजायचं. तिथे जवळपास पूर्ण 12 व्होल्ट दिसले तर चकती जोडत नाही, 0.3 च्या आत दिसले आणि मोटर फिरत नसेल तर कार्बन किंवा आर्मेचर. कार्बन अगदीच झिजलेले असतील तर ओढणाऱ्या कॉइलचा अर्थही जातो आणि ‘ठक्’सुद्धा लंगडा येतो. अशा सेल्फच्या बॉडीवर लाकडी दांड्याने हलकं ठोकलं की एखाद्या वेळी तो फिरतो, पण त्यावर पुढचा प्रवास ठरवू नये.

आणि चावी फिरवताच दिवे एकदम मावळले, बॅटरी 9 च्या खाली गेली आणि क्लॅम्प मीटर 500 च्या पुढे पळाला, तर करंट वाहतोय पण काहीतरी फिरायला तयार नाही. पिनियन रिंगमध्ये अडकलेला असू शकतो. इग्निशन बंद ठेवून वरच्या गिअरमध्ये गाडी जराशी मागे ढकलली तर तो सुटतो. न सुटल्यास क्रँक पुलीकडे परत जायचं.

फ्यूएल सोलेनॉइडची वायर परत जोडली. इंजिन एका सेकंदात चालू झालं. अल्टरनेटरवर 14.25 व्होल्ट, बॅटरीच्या खांबांवर 14.1. हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही 14.0. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. गाडी भरून खडबडीत रस्त्यावर फिरवून आणली, इंजिन गरम असतानाच अर्थिंग पुन्हा मोजली: 0.17.